विहिरीतला पिवळा दगड

वाचकहो, माझ्यापुढे टेबलावर एक दगड आहे. रेडिओवर तो दाखविता आला नाही आणि छापील पानावरही त्याचा रंग उतरावयाचा नाही; तेव्हा शब्दांवरच काम भागवू या. मुठीत जेमतेम मावेल एवढा हा दगड. खालची बाजू खडबडीत, तीवर काळ्या कातळाची खपली अजून चिकटलेली. वरच्या अंगाला मधाच्या रंगाचे तीन स्फटिक उभे आहेत, कुत्र्याच्या सुळ्यांसारखे टोकदार. दोन धड आहेत. मधल्याचे टोक मोडलेले आहे. ते कसे मोडले, हे मला पुढे सांगावे लागणारच आहे.

हा दगड सिन्नर तालुक्यातल्या एका विहिरीतून, चाळीस फुटांखालून निघाला. विहीर फोडणाऱ्या गृहस्थांचा मुलगा माझ्या वर्गात आहे. तो इथे नायगावात, बी. डी. डी. चाळीत चुलत्याकडे राहून शिकत होता. एका संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला हा दगड घेऊन तो माझ्या घरी आला आणि दारातच म्हणाला, "सर, हा पुष्कराज आहे का?"

प्रश्न साधा नव्हता. शहरातल्या कोणा एकाने दगड पाहून "अस्सल पुष्कराज" असा निर्वाळा दिला होता. मात्र विकण्यापूर्वी तपासणीचा दाखला आणि पैलू पाडण्याचा खर्च म्हणून काही हजार रुपये आगाऊ भरावे लागतील, असेही त्याने सांगितले होते. घरी विहिरीच्या कामासाठी काढलेले कर्ज होते. आईची डोरली मोडून ते पैसे भरावेत, अशी बोलणी चालली होती. पोरगा मात्र सावध. म्हणाला, "आधी तुम्हांला विचारतो, मग वडलांना कळवतो."

आता मी इतिहासाचा मास्तर. दगडांचे शास्त्र माझे नव्हे. पण इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. जुना कागद हाती आला की त्यावरच्या लाल शिक्क्याने तो भुलत नाही. कागद कोणता, शाई कोणती, अक्षराचे वळण कोणत्या काळचे, हे पाहतो. शिक्का कोणीही मारू शकतो. दगडाच्या बाबतीत रंगाचे तसेच आहे. रंग हा दगडाचा सर्वांत बोलका साक्षीदार, आणि सर्वांत बेभरवशाचाही. म्हणून आम्ही दोघांनी ठरविले की याचा रंग विसरून जायचे आणि दुसरे साक्षीदार बोलवायचे.

पहिला साक्षीदार कठिणपणा. घरात एक जुना तांब्याचा पैसा होता. तो दगडाच्या खालच्या अंगावर घासला, तर बारीक ओरखडा उठला. चाकूच्या टोकाने तर सरळ रेघ ओढली गेली आणि तिच्यातून पांढरी भुकटी निघाली. नखाने काही होईना. झाले, पुष्कराज इथेच संपला. फ्रीड्रिख मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये दहा खनिजांची एक उतरंड लावली. सर्वांत मऊ शंखजिरे, त्याला क्रमांक १. सर्वांत कठीण हिरा, त्याला १०. वरच्या पायरीवरचा दगड खालच्यावर ओरखडा काढतो, एवढाच त्या उतरंडीचा नियम. माणसाचे नख अडीचच्या आसपास येते, चाकूचे पाते साडेपाचच्या आसपास, गारगोटी ७. ज्याला जवाहिरे पुष्कराज म्हणतात तो कुरुंदाच्या जातीचा, त्याचा क्रमांक ९. त्यावर चाकू चालवाल तर चाकूचेच पाते जाईल. आमचा दगड तिसऱ्या पायरीवर बसला. (हल्लीची नाणी पोलादी असतात, ती या कामाला घेऊ नका, ती फार कठीण. तांब्याचेच हवे.)

मुलाचा चेहरा उतरला. त्याला तसेच सोडून देणे मला बरे वाटेना. पुष्कराज नव्हे तर मग काय, हे तरी कळले पाहिजे. आम्ही खिडकी उघडली आणि निंबू आणले.

चाकूने निघालेली ती पांढरी भुकटी बशीत घेतली आणि तीवर निंबाचे चार थेंब पिळले. क्षणभर काही नाही. मग कडेने बारीक बुडबुडे सुटू लागले आणि भुकटी फसफसली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब मिळविला. त्याने तर दगड अखंड असतानाही सणसणून फेस काढला. दगड कार्बोनेट होता. चुन्याच्या कुळातला. त्याचे नाव कॅल्साइट. शुद्ध चुनखडी, संगमरवर, शिंपला, अंड्याचे कवच, या सर्वांत जो पदार्थ आहे तोच, फक्त नीट जागा मिळून सावकाश वाढलेला.

त्या बुडबुड्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. चुनखडी भाजली की हलकी होते आणि तिचा दाहक चुना बनतो, हे भट्टीवाल्यांना हजारो वर्षे ठाऊक होते. पूर्वीचे विद्वान म्हणत, अग्नीचा काही अंश दगडात शिरतो म्हणून तो दाहक होतो. १७५०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक या तरुण वैद्याने तराजू हाती घेतला. त्याने दाखविले की भाजताना दगडात काही शिरत नाही, उलट त्यातून एक वायू निघून जातो. आणि आम्ल टाकल्यावर फसफसून बाहेर पडतो तोही तोच वायू. शंभर ग्रॅम शुद्ध कॅल्साइट पुरता भाजला तर छप्पन्न ग्रॅम चुना उरतो, चव्वेचाळीस ग्रॅम वायू हवेत जातो. तोच वायू आपण श्वासाने बाहेर टाकतो. हवा म्हणजे एकच एक वस्तू नव्हे, हे जगाला ज्या प्रयोगांनी कळले त्यांत चुनखडीचा हा प्रयोग अगदी पुढच्या रांगेत आहे.

आणि ही भट्टी आपल्याला काही परकी नाही. नायगावाहून शीव ओलांडून पलीकडे गेलात की लोकलचे एक स्टेशन लागते: चुनाभट्टी. नावच सारे सांगते. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत; देशावर जमिनीतले चुनखडीचे गोटे भाजून. कित्येक किल्ल्यांवर चुन्याचा घाणा आजही पाहावयास मिळतो: दगडी वर्तुळाकार चर आणि त्यात फिरणारे जड चाक. तट ज्या गिलाव्याने सांधले तो त्या चरात मळला गेला. वाळलेला चुना हवेतला वायू परत शोषून पुन्हा कार्बोनेट होतो, म्हणजे भट्टीत गेलेला दगड भिंतीत येऊन पुन्हा दगड बनतो.

आमच्या चाळींचेच पाहा. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानीत, १९२० मध्ये, बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याने नायगाव, वरळी, शिवडी, डिलाइल रोड इथे काँक्रीटच्या चाळी उठविल्या. काँक्रीटला सिमेंट लागते आणि सिमेंट होते चुनखडी भाजून. या चाळींच्या गळक्या गॅलऱ्यांखाली छताला पांढऱ्या बारीक दाढ्या लोंबताना आम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या. पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून खाली आणते, हवा त्याचे कार्बोनेट करते. माझ्या विद्यार्थ्याने चुलत्याच्या खोलीबाहेरची एक दाढी मोडून आणली आणि तीवर निंबू पिळले. फसफसली! तो म्हणाला, "म्हणजे सर, आमच्या गॅलरीतही हाच दगड तयार होतोय." होय, हाच. पुनर्विकास सुरू झाल्यापासून त्या जुन्या चाळी जात आहेत; त्या दाढ्याही जातील, आणि त्यांबद्दल कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही.

शाळामास्तरांसाठी इथेच एक इशारा देऊन ठेवतो. फसफसले म्हणजे कॅल्साइटच, असे नाही. डोलोमाइट नावाचा दगड, ज्यात चुन्याबरोबर मॅग्नेशियम असते, थंड सौम्य आम्लात अखंड असताना जवळजवळ गप्प बसतो. त्याची भुकटी केली तर मात्र बोलतो. १७९१ मध्ये डोलोम्यू या फ्रेंच गृहस्थाने आल्प्सच्या बाजूच्या दगडांचा हाच हट्टीपणा टिपून ठेवला, म्हणून दगडाला त्याचे नाव मिळाले. तांब्याचे कार्बोनेट असते ते हिरवेगार मॅलॅकाइट किंवा निळे अझुराइट. गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे, तिथल्या खडकाच्या वरच्या थरात हिरवे मॅलॅकाइट सापडते. या मंडळींच्या बाबतीत रंग खरे बोलतो, कारण तांबे हे त्यांच्या अंगातच आहे. कॅल्साइटचा रंग मात्र उसना. शुद्ध कॅल्साइट काचेसारखा बिनरंगी असतो. लोखंडाचा लवलेश मिसळला की पिवळा, मधाळ. मँगेनीज आले की गुलाबी. पण बिनझिलईच्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासून पाहा, कोणत्याही रंगाचा असो, कस पांढराच उमटतो. सोनार कसोटीवर सोने घासतो, तीच ही युक्ती. 'कस' हाच शब्द मराठीत या शास्त्रासाठीही घेतला आहे, हे मला फार आवडले.

आपल्या महाराष्ट्राचा काळा कातळ या रंगांच्या बाबतीत अगदी खोडकर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर आले आणि थरावर थर साचून हा कातळ झाला. भाकरी भाजताना तिला फोड येतात तसे लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत निरनिराळे स्फटिक आणून लावले. विहीर फोडणारे ज्याला 'मांजऱ्या' म्हणतात तो हाच बुडबुड्यांचा खडक. पुण्याजवळ पाषाणला त्यात हिरवे ॲपोफिलाइट निघाले, जळगाव-नाशिककडे गुलाबी छटेचे स्टिल्बाइट, वाघोलीच्या खाणीत निळेशार कॅव्हन्साइट. सगळे डोळे दिपविणारे. पण निंबाला यांतले एकही दाद देत नाही. ते सिलिकेट कुळातले. त्यांच्या शेजारीच, कधी त्यांच्याच अंगावर, कॅल्साइट बसलेला असतो. रंगावरून निवड करू जाल तर फसाल.

हे स्फटिक जगाला कसे कळले, याची हकीकत रेल्वेच्या इतिहासात दडली आहे. १८५६ मध्ये बोरघाटातून रेल्वे चढविण्याचे काम सुरू झाले. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. चढ अठराशे फुटांहून अधिक, बोगदे पंचवीस. सुरुंगाच्या दारूने आणि पहारीने काळा कातळ फोडायचा. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेऊन काम पुरे करविले. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप आणि दरडी यांनी त्यांतले हजारो नेले. १८६३ मध्ये गाडी घाट चढली. त्या फोडलेल्या कातळातून निघालेले सुंदर स्फटिक युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. अशा नमुन्याखालची चिठ्ठी तुम्ही वाचलीत तर तीत खनिजाचे नाव असते, 'बोरघाट' किंवा 'पुणे' असते, कधी देणाऱ्या साहेबाचे नाव असते. ज्याच्या पहारीपुढे ती पोकळी उघडली त्याचे नाव मला कुठे आढळले नाही.

मी इतिहास शिकवतो, म्हणून ही गोष्ट मला जास्त टोचते. पण मी स्वतः त्या संध्याकाळी जे केले तेही सांगतो.

निंबाने खात्री झाली होती. तिथेच थांबावयास हवे होते. परंतु पुस्तकात आणखी एक खूण दिलेली: पाटन. म्हणजे दगड ठरावीक सपाट पातळ्यांवरच फुटणे. कॅल्साइट तीन दिशांनी असा फुटतो आणि त्याचे तुकडे कलत्या डबीसारखे पडतात. चौकोनी पेटी एका बाजूने ढकलून तिरकी करावी तसे. मोठा तुकडा फोडा की बारीक, आकार तोच. म्हणतात की १७८०च्या सुमारास पॅरिसमध्ये रने-ज्यूस्त आउई या धर्मगुरूच्या हातून मित्राच्या संग्रहातला कॅल्साइटचा स्फटिक पडून फुटला आणि त्याच्या तुकड्यांचा हा सारखेपणा पाहून स्फटिकाच्या रचनेचे गूढ त्याला उकलले. आख्यायिका असेल, पण १७८४ मध्ये त्याने स्फटिकांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि आजचे स्फटिकशास्त्र तिथून वाढले, हे खरे.

तर आउईसाहेबांचा प्रयोग मीही करून पाहिला. चाकूचे पाते मधल्या सुळ्याच्या टोकाशी टेकविले आणि वर हलकेच अडकित्त्याने ठोकले. टचकन् टोक उडाले. त्यातून कलती डबी पडली, अगदी पुस्तकातल्यासारखी. मला धन्य वाटले. आठ दिवसांनी खनिजांचे जाणकार असलेले एक स्नेही घरी आले. त्यांनी दगड उलटसुलट पाहिला आणि विचारले, "हे टोक कुणी मोडलं?" मी गप्प. मग त्यांनी समजावून सांगितले की रत्न म्हणून या दगडाला किंमत नाही, कारण तो मऊ. पण नमुना म्हणून असते. जगभर लोक असे नमुने जमवितात, आणि त्यांत सारी किंमत असते ती अभंग टोकांना. तीन अभंग सुळे, मधाचा रंग, खाली मूळ कातळ. याला चार पैसे नक्की आले असते. मधले टोक गेले, म्हणजे नमुन्याचा चेहराच गेला.

ज्या घरात डोरले मोडण्याची बोलणी चालली होती त्या घराचा दगड मी मोडला होता. डोरले वाचले हे खरे, आगाऊ पैसे मागणारा पुन्हा फिरकला नाही हेही खरे. पण माझी चूक त्याने भरून येत नाही. तपासणी करायचीच तर ती खालच्या, फुटक्या, कोणाला न दिसणाऱ्या अंगावर करावी, आणि तीही ओरखडा व निंबू एवढीच. हे मी तुम्हांला सांगतो, कारण शाळांतून असे दगड येतात, मुले उत्साहाने आणतात, आणि आपण मास्तर मंडळी लगेच हातोडी शोधतो.

एक तपासणी अशी आहे की तिने दगडाचे केसभरही नुकसान होत नाही. वाण्याच्या दुकानातला तराजू आणि एक बादली पाणी पुरे. दगड दोऱ्याने टांगून आधी हवेत तोला, मग पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकविता तोला. आमचा दगड हवेत ३८० ग्रॅम भरला, पाण्यात २४०. घट १४०. आता ३८० ला १४० ने भागा: २.७१. कॅल्साइटचे विशिष्ट गुरुत्व २.७१ च आहे. (खाली चिकटलेली कातळाची खपली पातळ होती म्हणून आकडा इतका जमला, जाड असती तर फरक पडला असता.) पुष्कराज असता तर उत्तर चारच्या घरात आले असते. गारगोटी मात्र २.६५ देते, म्हणजे अगदी जवळ. तेव्हा या एकाच साक्षीवर निकाल देऊ नये.

मोडलेल्या त्या डबीने मात्र आम्हांला एक नवल दाखविले. ती बरीच पारदर्शक होती. वर्तमानपत्रावर ठेवली तर खालचे प्रत्येक अक्षर दोनदा दिसू लागले. डबी जागच्या जागी फिरविली की एक अक्षर स्थिर राही आणि दुसरे त्याच्याभोवती फिरे, गोठ्यात खुंट्याभोवती वासरू फिरावे तसे. १६६९ मध्ये कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिन या प्राध्यापकाने हेच पाहून जगापुढे मांडले. त्याच्याकडचा स्फटिक आइसलँडमधून आलेला होता. आइसलँडचा तो खडक कोणता म्हणाल, तर आपल्यासारखाच लाव्हाचा काळा कातळ! पुढे १६९० मध्ये हॉयगेन्सने या दुहेरी प्रतिमेवरून प्रकाश लहरींनी चालतो असा पक्ष मांडला. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये मालूस हा मावळतीच्या वेळी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या काचांवरचे सूर्याचे प्रतिबिंब अशाच तुकड्यातून पाहत होता. तुकडा फिरविताना दोन प्रतिमांतली एक मंद होते, हे त्याच्या ध्यानात आले. परावर्तित प्रकाश हा साध्या प्रकाशाहून वेगळा, एका दिशेत बांधलेला असतो, हे असे कळले. १८२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोलने कॅल्साइट तिरका कापून, राळेसारख्या पारदर्शक चिकाने पुन्हा जोडून, असा बांधलेला प्रकाश हवा तेव्हा मिळविण्याचे साधन केले.

हे सारे पंडितांचे खेळ वाटतील. पण ऊस पिकविणाऱ्यांनी इथे कान द्यावा. साखरेच्या पाण्यातून असा बांधलेला प्रकाश जाऊ दिला तर तो थोडा वळतो. साखर जास्त, तर वळण जास्त. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा 'पोल' काढतात तो याच तत्त्वाने, आणि तो शब्दही प्रकाशाच्या या बांधणीच्या इंग्रजी नावावरूनच आला. जुन्या उपकरणांत प्रकाश बांधण्याचे काम निकोलचा कॅल्साइट करी. आता ते इतर साधनांनी होते. १९५० मध्ये प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला, त्यानंतर गावोगाव राहिले. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला, उतारा पोलशी, आणि पोलचा उगम अशा एका स्फटिकाशी, ज्याला आपण विहिरीच्या ढिगात टाकून देतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. काळ्या रानात चुनखडीचे पांढरे गोटे निघतात, ते याच कुळातले. माती तपासणीत मातीवर आम्लाचा थेंब टाकून ती किती फसफसते ते पाहतात. चुन्याचा अंश फार असला की जमिनीत लोह असूनही पिकाला घेता येत नाही; भुईमुगाची, संत्र्याची, उसाच्या खोडव्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग रोग समजून औषधे मारली जातात. ढेकूळ फोडून त्यावर थोडे आम्ल टाकून पाहिले तर निदान संशयाची दिशा कळते. पक्के निदान प्रयोगशाळेतच. आम्ल मुलांच्या हाती देऊ नका. न्हाणीघर धुण्याचे तीव्र ॲसिड तर मुळीच नको. वर्गात निंबू किंवा व्हिनेगर पुरते, फक्त दगडाची भुकटी करून घ्यावी लागते आणि धीर धरावा लागतो. घरची रांगोळीही एकदा निंबाखाली धरून पाहा. फसफसली तर ती कोणत्या कुळातली हे आता तुम्ही सांगू शकाल.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मुलाबरोबर त्याच्या गावी गेलो. वाटेत सिन्नरला 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे, २००१ मध्ये सुरू झालेले, ते पाहिले. काचेआडचा एकेक नमुना पाहताना मला मधले ते टोक आठवत होते. घरी पोहोचल्यावर त्याच्या वडिलांना मी झाले ते सारे सांगितले आणि माफी मागितली. ते हसले. म्हणाले, "मास्तर, तुमच्या हातनं एक मोडलं. आमच्या सुरुंगानं रोज टोपलंभर मोडतंय. आम्ही ते गाळात टाकतो." मग जरा थांबून त्यांनी मला विचारले, "अख्खं काढायचं तर कसं काढायचं?"

मला काय माहीत! आम्ही दोघे विहिरीवर गेलो. त्यांनीच मला शिकविले की पोकळी लागली की पहारीचा आवाज बदलतो, भद्द येतो. तिथे सुरुंग न घालता कडेने छिन्नी लावली तर कातळासकट भाग सुटेल. मी एवढेच सांगितले की स्फटिकाला हात न लावता खालचा कातळ धरावा, गवतात गुंडाळावा, टोके एकमेकांवर घासू देऊ नयेत, आणि घरी नेल्यावर चिंच किंवा निंबू लावून धुऊ नये. हे शेवटचे ऐकून त्यांच्या पत्नीला हसू आले, कारण मागे एक दगड त्यांनी तांब्याच्या भांड्यासारखा चिंचेने घासला होता आणि त्याची चकाकी गेली होती.

गेल्या महिन्यात मुलाच्या हाती त्यांनी एक डबा पाठविला. आत गवत, गवतात दगड, दुधी रंगाचा, टोके धड. सोबत वहीच्या पानावर मुलीच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी: खाली पैसा घासला, ओरखडा नाही. चाकू घासला, ओरखडा नाही. निंबू, फेस नाही. गारगोटी आहे, पण टोक चांगलं आहे म्हणून पाठवली. त्याखाली गावाचे नाव, विहीर कोणाची, खोली बावन्न फूट, तारीख, आणि शेवटी, मी त्यांना सुट्टीत बजावून आलो होतो त्याप्रमाणे, काढणाऱ्याचे पूर्ण नाव.